दत्ताभाऊनं दाखवलेली जागा

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी जऊळक्याच्या स्टेशनवर बाबा फार खुशीत होते. ओळखीचा माणूस दिसला की त्याला थांबवून सांगायचे, "दत्ताभाऊनं बोलावलं बाप्पा, मुंबईले जाऊन राह्यलो." माय ज्वारीच्या पोत्यावर बसून मुकाट रडत होती. काका आम्हाला गाडीत बसवून द्यायला आला होता. त्याचा संतोष तेव्हा कडेवर होता, आणि माझ्या रिबिनीला धरून सोडत नव्हता. मी सातवीत. गाडी हलली तशी मी खिडकीतून मान बाहेर काढली, तर बाबांनी मला आत ओढलं. म्हणाले, "मांगं कायले पाहतं? दत्ताभाऊ हाय ना तथी."

जऊळक्याच्या लोकांनो, आणि आपल्या भागातून इकडं येऊन राहिलेल्या सगळ्यांनो, हे मी तुमच्यासाठीच लिहीत आहे. गेल्या पोळ्यापासून तुम्ही मला नावं ठेवून राहिलात. ठेवा. पण सगळं ऐकून मग ठेवा.

दत्ताभाऊ कोण ते नव्या पोरांना सांगते. हा बाबांच्या वर्गातला, आपल्याच गावचा. आमच्या आधी कितीतरी वर्षं मुंबईला आला आणि खाडीपलीकडं जागा दाखवायचा धंदा करू लागला. गावात यायचा तेव्हा गळ्यात चेन, अंगाला अत्तर, आणि तोंडात एकच गोष्ट, "कायले सडता इथं? तथी या, मी घर देतो." वाटणीनंतर बाबांच्या वाट्याला वावराची पट्टी तेवढी आली होती. ती त्यांनी विकली आणि सगळा पैसा दत्ताभाऊच्या हातावर ठेवला.

त्यानं आम्हाला जागा दाखवली ती सकाळी. तिवरपाडा नावाची वस्ती, तिच्या टोकाला मोकळं मैदान, पुढं हिरवी झुडपं. बाबांनी वाकून मातीचं ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं, नाकाशी नेलं. शेतकऱ्याची सवय, दुसरं काय. माती काळीशार. बाबांचा चेहरा असा उजळला! मायला म्हणाले, "पाय वं, आपल्या धुऱ्यावरची मातीच हाय जशी." वास खारट होता. त्यावरही बाबांकडं उत्तर होतं, "पडीक हाय ना, म्हणून वास येऊन राह्यला." दत्ताभाऊ शेजारीच उभा होता. तो हसला आणि म्हणाला, "वामन, तुले मातीची पारख हाय लेका." आजही हे वाक्य आठवलं की माझे कान तापतात. ती माती म्हणजे खाडीचा चिखल होता आणि तेव्हा ओहोटी होती. त्याला ते पक्कं ठाऊक होतं. आम्हाला कुठून ठाऊक असणार? वाशिमच्या माणसाला नाला माहीत, आणि नाल्याला पाणी कधी येतं ते आभाळाकडं पाहून कळतं.

पत्र्याचं घर उभं राहिलं. बाबा म्हणाले, घरभरणी पोळ्यालाच करू, बैल नाहीत तर मातीचे मांडू. मायनं पाटावर मातीची जोडी मांडली, पुरण शिजत होतं, बाहेर चक्क ऊन पडलेलं. आणि मागच्या भिंतीखालून पाणी आत आलं. आधी पाट भिजला, मग चूल विझली. माय ओरडली, बाबा धावत बाहेर गेले आणि आभाळाकडं बघत उभे राहिले. मला ते तसेच दिसतात अजून, कंबरेवर हात, मान वर. "आभाळ तं कोरडं हाय वं! पाणी कुठून आलं?" शेजारच्या कोळीणबाईनं दारातूनच सांगितलं, "आज आवस ना, उधाण आलंय." उधाण हा शब्द आमच्या घरात असा शिरला. पोळा अमावस्येला येतो, अमावस्येला उधाणाची भरती असते, एवढी साधी गोष्ट. पण जन्मभर जमिनीवर राहिलेल्या माणसाला ती कोणीतरी सांगावी लागते. सांगणारा आपलाच गाववाला होता, आणि तो बोलला नाही.

बाबा त्याच्याकडं गेले, मीही सोबत होते. त्याच्या ओट्यावर चार माणसं बसलेली. तो त्यांच्यासमोर हसला. म्हणाला, "पाण्याले काय मी बोलावलं काय बाप्पा?" बाबा माझा हात धरून मागं फिरले. परत जायला वावर राहिलं नव्हतं, आणि गावाला काय सांगणार? पुढं त्याच दत्ताभाऊनं त्यांना वॉचमन ठेवलं. खाडीतल्या तिवरांच्या झुडपांवर तो डंपरनं मलबा टाकून भराव घालत होता, त्या भरावाच्या फाटकावर बाबा खुर्ची टाकून बसायचे. म्हणजे बघा, ज्यानं बुडवलं त्याचीच राखण. मायनं एकदा विचारलं, काहून करता? ते म्हणाले, "पोरीचं शिक्षण होऊ दे."

भराव वाढला तसं खाडीचं पाणी आमच्याकडं वळलं. पाण्याला तिकडं जागा उरली नाही, मग ते कुठं जाईल? आधी घोट्यापर्यंत यायचं, मग गुडघ्यापर्यंत. त्यात चालून चालून बाबांच्या पायाला जखम झाली. साखरेचा आजार होताच, ती भरली नाही, आणि मी आयटीआयला नकाशे काढायला शिकत होते त्या वर्षी ते गेले. दत्ताभाऊ भेटायला आला. आमच्या घरात, आमच्या सतरंजीवर बसून गावच्या लोकांना म्हणाला, "वामनले मुंबई मीच दाखवली." मायनं मान खाली घातली. मी घातली नाही. मी त्याच्याकडं बघितलं आणि मनात म्हटलं, थांब. तुला मी सोडणार नाही.

नंतर महापालिकेनं आमची रांग तोडली, किनाऱ्याच्या नियमात बसत नाही म्हणून. ज्यांच्याकडं पुरावे होते त्यांना पुनर्वसनाच्या इमारतीत खोल्या मिळाल्या. आम्हाला तिसरा मजला मिळाला. इथं लिफ्ट बंदच असते, नळाला पाणी सकाळीच येतं, पण पाय कोरडे राहतात. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग करते. एफएसआय, सेटबॅक, भरतीरेषा हे शब्द आता माझ्या तोंडात भाजी-भाकरीसारखे आहेत. माय म्हणते, तुह्यं बोलणं मले अर्धं समजत नाही.

मग शहराचा नवीन विकास आराखडा जाहीर झाला. मी सगळ्यात आधी तिवरपाडा शोधला. दत्ताभाऊचा भराव जुन्या नकाशात हिरवा होता, म्हणजे तिथं बांधकाम करायचं नाही. नव्या नकाशात तो पिवळा झालेला. पिवळा म्हणजे राहायची घरं. कोणी, कसा केला, मला माहीत नाही, आणि माहीत नसताना बोलणार नाही. पण त्या पिवळ्यावर दत्ताभाऊच्या इमारती आधीच चढत होत्या. गावात एसटी स्टँडवर त्याचा बोर्ड लागला होता, वऱ्हाडी माणसासाठी हक्काचं घर! अनसिंगची, इंझोरीची, आपल्या जऊळक्याची माणसं बुकिंग करत होती. आराखडा मंजूर झाला की दत्ताभाऊ कायमचा सुटणार होता. थांबवायचं तर आत्ताच.

मी हरकत घेतली. सुनावणीत समितीपुढं उभी राहिले आणि म्हटलं, कागद नका बघू, जागा बघा. अध्यक्ष मॅडम तयार झाल्या. तारीख कोणती, असं त्यांनी दोन्ही बाजूंना विचारलं. मी गोड आवाजात म्हटलं, "पोळ्याच्या दिवशी ठेवा ना, मॅडम. भाऊंची गावची माणसं येतात त्या दिवशी." आणि दत्ताभाऊकडं वळून म्हटलं, "भाऊ, आपला पोळा बी दाखवू साहेब लोकाइले." माणूस फुगला! "हो मॅडम, पोळ्यालेच या. बैलजोडी आणतो, जेवूनच जा." त्याला भरती ठाऊक नव्हती असं नाही. पण भराव उंच झाला होता, त्याच्या जमिनीवर आता पाणी चढत नव्हतं, आणि जे चढत नाही त्याचा त्याला विसर पडला होता. रस्त्याचं भान त्याला नव्हतं. तो रस्ता अजून नाल्यावरूनच जात होता, जुन्याच पातळीवर.

गावाकडं पोळा संध्याकाळी भरतो. दत्ताभाऊनं समितीसाठी तो सकाळीच भरवला. मांडव, तोरण, टेम्पोतून आणलेली झुलीतली बैलजोडी, फेटे बांधलेली तुमची माणसं, पुरणपोळीचा वास. समिती अकराच्या सुमारास आली तेव्हा रस्ता नुसता ओलसर होता. मी घाई केली नाही. एकेक मुद्दा सावकाश सांगितला. मॅडम, तो कोपरा बघा. मॅडम, ती भिंत बघा. दत्ताभाऊ मध्ये मध्ये झडत्या, म्हणजे आपली पोळ्याची यमकं, म्हणवून घेत होता आणि माझं काम आणखी सोपं करत होता.

ऊन लख्ख होतं. आधी नाल्याची मोरी भरली, मग पाणी रस्त्यावर आलं, आणि मग रस्ता दिसेना. समितीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला होता, गाडीच्या चाकांना पाणी लागलं होतं. बैल बिथरले, टेम्पोकडं जाईनात. सगळे साहेब, सगळे फेटे, दत्ताभाऊ आणि मी त्या उंच कोरड्या भरावावर अडकून पडलो, चारी बाजूंनी पाणी. पलीकडं तिवरपाड्यात बाया शेगड्या उचलून खाटांवर ठेवत होत्या. ते तिथून स्पष्ट दिसत होतं. मॅडमनी विचारलं, "इथं लोक राहायला आले आणि कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर?" दत्ताभाऊला घाम फुटला होता. तो म्हणाला, "मॅडम, उतरते थोड्या वेळात. रोज थोडंच येते, अवस-पुनवेलेच येते." त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं! जे माझ्या बापाला सांगितलं नाही ते त्यानं समितीला सांगितलं. मला इतका आनंद झाला की मी त्याच्याच मांडवात बसून त्याचीच पुरणपोळी तूप घालून खाल्ली.

समितीनं तो भराव पुन्हा हिरवा करायची शिफारस केली. बांधकाम थांबलं आहे. मंजुरी वरून यायची आहे, तोवर तो पायऱ्या झिजवतो आहे. झिजव म्हणावं.

आणि आता तुमचं बोलणं. काकाचा फोन आला तो मी विसरणार नाही. "बापाचा बदला घेतला तू, पण चुलत्याचं घर बुडवलं. गावात येऊ नको." संतोषनं, त्या रिबिनीवाल्या पोरानं, वाटणीचं वावर विकून दत्ताभाऊच्या इमारतीत घर घेतलं होतं. ताबा मिळणार म्हणून भाड्याची खोलीसुद्धा सोडली होती. तो आता बायको आणि लेकरू घेऊन माझ्याकडं, तिसऱ्या मजल्यावर राहतो. मायशी बोलतो, माझ्याशी बोलत नव्हता. मी ऑफिसातून आले की गॅलरीत जाऊन उभा राहायचा.

मला विचारता, तुझं घर कोणतं? जऊळकं म्हणायला मला आता तोंड नाही, तुम्ही ठेवलं नाही. तिवरपाड्यातली जागा तुटली. राहिल्या या दोन खोल्या, त्यात माय, मी, आणि माझ्यामुळं उघडी पडलेली तीन माणसं. यालाच घर म्हणते. दुसऱ्या कोणाला हात जोडायला जाणार नाही.

परवा जेवताना संतोष पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलला. "ताई, मी तथी घर घेतलं हे तुले ठाऊक होतं?"

"होतं."

"मंग मले पहिले काहून नाही सांगतलं?"

माय हात थांबवून बसली. मी खरं तेच बोलले. "तुला सांगितलं असतं तर तू दत्ताभाऊकडं पैसे मागायला पळाला असता. तो सावध झाला असता. म्हणून नाही सांगितलं. तुझं घर जाणार हे मला माहीत होतं, तरी नाही सांगितलं."

मला वाटलं, हा ताटावरून उठणार. मायलाही तसंच वाटलं, ती त्याचा हात धरायला पुढं झाली. संतोषनं डोळे बाहीला पुसले. मग त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

"माह्यं घर तं गेलंच," तो म्हणाला. "आता त्याले अर्ध्यात सोडशीन तं याद राख."