परब मॅडमच्या दारातला क्यूब

घाटकोपरला एका इमारतीच्या स्लॅबचं काँक्रीट ओतणं चालू होतं, तेव्हा कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज आला... परब मॅडम गेल्या. चालू स्लॅब मध्येच थांबवता येत नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. तो संपेपर्यंत मी हेल्मेट डोळ्यांवर ओढून उभी राहिले. मुलुंडला मॅडमच्या घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मॅडम त्यासाठी मला ओरडल्या नसत्या. स्लॅब अर्धा टाकून आले असते, तर मात्र नक्की ओरडल्या असत्या.

आमच्या छोट्या इंजिनीअरिंग कॉलेजात त्या सिव्हिलच्या विभागप्रमुख होत्या. मूळच्या कोकणातल्या, त्यामुळे चिडल्या की मालवणीत शिरायच्या. मी शेवटच्या वर्षाला असताना आमच्या शाखेच्या मानांकनासाठी तपासणी समिती येणार होती. कॉलेजात नुसती लगीनघाई! भिंतींना रंग लागला, भाड्याच्या कुंड्या आल्या. काँक्रीटची ताकद तपासायला त्याचे क्यूब दाबून फोडायचं मशीन आमच्याकडे नव्हतं. ते संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजातून समितीपुरतं उचलून आणायचं ठरलं, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मॅडम तेवढ्या आडव्या आल्या. "आसा ता आसा, नाय ता नाय," म्हणाल्या. समितीने लॅबमधली रिकामी जागा पाहिली आणि मानांकन लांबणीवर पडलं.

फटका बसला मला. मला परदेशात एमएस करायचं होतं, आणि ज्या विद्यापीठात माझा जीव अडकला होता, त्यांच्या अर्जात नेमकं विचारलं होतं : पदवीच्या वेळी तुमची शाखा मानांकित होती का? मित्र म्हणाले, "कॉलेजला ग्रेड आहे ना यार, 'हो' टाक. कोण बघतंय?" मी मॅडमकडे गेले ती भांडायलाच.

"तुमच्या खरेपणात माझी वाट लागली, मॅडम."

त्या म्हणाल्या, "लागली खरी. तरी 'नाही'च लिही. आणि त्याच्याखाली तू स्वतःच्या हाताने काय काय केलंस, ते लिही. रविवारी घरी ये, बसू आपण."

केलं तर पुष्कळच होतं. मशीन नाही म्हणून मॅडम आम्हाला कुर्ल्याच्या एका खासगी लॅबमध्ये न्यायच्या, आमचे क्यूब रिक्षात मांडीवर घेऊन. "हळू चालव रे, बाळं आहेत," असं रिक्षावाल्याला बजावायच्या. तो मागे वळून बघायचा आणि पार गोंधळून जायचा. माझा एक क्यूब जास्तीचा उरला होता. तो त्यांनी फोडू दिला नाही. "हा आपल्या मशीनवर फोडायचा," म्हणाल्या आणि घरी घेऊन गेल्या.

कितीतरी रविवार आम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलावर एकेक प्रयोग लिहून काढला. काका, म्हणजे मॅडमचे यजमान, घावणे आणायचे आणि आम्ही कागद सरकवून ताटलीपुरती जागा करायचो. अर्ज गेला. पुढे विद्यापीठाने व्हिडिओ कॉलवर बोलावलं. मशीनशिवाय चाचण्या कशा केल्या, असं तिथल्या प्राध्यापकांनी विचारलं. मी रिक्षातली बाळं सांगितली. ते हसले, पण मग खोदून खोदून बरंच विचारलं. प्रवेश मिळाला... एक जादा विषय पूर्ण करायच्या अटीवर.

मी कुरकुरतच मॅडमना फोन केला.

"घे गो. शिकलला काय फुकट जाता?"

मग फोनवर त्यांचं रडू ऐकू आलं. इतके दिवस माझ्याइतक्याच त्याही धास्तावलेल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्यावर माझा फार जीव होता. तो त्या दिवसापासून दुप्पट झाला.

मी एमएस करून मुंबईत परतले. मॅडम निवृत्त झाल्यावर कॉलेजात मशीन आलं. शाखेला मानांकनही मिळालं.

परवा काकांना भेटायला गेले. दार सताड उघडं होतं आणि ते मागे अडवायला तोच क्यूब, त्यावर खिळ्याने कोरलेलं माझं नाव.

"मशीन आलं तेव्हा मी म्हटलं, दे आता पाठवून," काका सांगत होते. "तर म्हणाली, राहू दे. मुलं येतात, दार उघडं राहतं... तुला हवा असेल तर घेऊन जा गं."

मला हवाच होता. मी दोन्ही हातांनी तो उचलला. वाऱ्याने दार हललं, तसे काका घाईघाईने उठले आणि ते लागू नये म्हणून हाताने धरून उभे राहिले.

मी क्यूब पुन्हा होता तिथे ठेवला.