पास्कच्या माडीवरची तुळई

"मालक, करवत खाली ठिवा! त्यो सादा वासा न्हवं, घराचा कंबरपट्टा हाय त्यो!"

"थर्कल, ही कपाळावरची टेंगळं बघ. घर माजं, टकुरं माजं. हितं दार हुनार म्हंजी हुनार!"

आमच्या सफोक परगण्यात घरं ओकच्या लाकडी सांगाड्याची. दोन्ही भिंतींना आवळून धरणारी तुळई माडीवर नेमकी कपाळाला आडवी येते. खोलीतून खोलीत जायचं तर वाकावं लागतं. वाकायचा कंटाळा आला की एखादा शहाणा ती कापायला घेतो. जेबेझ थर्कल सुताराचा बाप अशाच तुळई कापलेल्या एका घराखाली गेला. फावड्यानं काढावा लागला. आज रूबेन पास्कनं तुळई निम्मी कापलेली, आणि बरोबर खाली त्याची बायको चीज करत बसलेली.

"टॅमझिनवैनी, भाईर पळा!"

"दूद आत्ता फाटाय लागलंय, भावजी. मरायची हौस आसंल तर तुमी दोगं मरा!"

जेबेझनं करवत धरली. पास्कनं हिसकली, तसा जेबेझचा तळवा उभा फाटला. पास्कनं लाकूड तासायच्या वाकसाचा दांडा फिरवला. सुताराचे दोन दात फळ्यांवर खडखडत गेले. मग जेबेझनं लाकडी मोगरी घातली ती थेट त्याच्या मनगटावर. हाड कडाडलं. पाठोपाठ आणखी एक कडाका झाला, पण तो हाडाचा नव्हता.

तुळई खांबाला जखडणारी कोपऱ्यातली लाकडी खुंटी तुटली होती. खांब चार बोटं बाहेर सरकला, भिंतीचं लिंपण धाडधाड खाली आलं.

"दोर आन, डुकरा!" जेबेझ मालकावर ओरडला.

तुळईच्या दोन्ही टोकांच्या खांबांना दोराचा वेढा पडला. जेबेझ त्यात दांडका घालून पीळ भरू लागला. तळव्याच्या रक्तानं दोर लाल झाला. पास्क एका हातानं ओढत, गुरासारखा हंबरत होता. ओल्या हातांनी टॅमझिन वर आली. तुळई बघितली, आणि तिनं नवऱ्याच्या मोडक्या मनगटावरच पळी हाणली. मग तीही दांडक्याला लोंबकळली. खांब करकरत दोन बोटं आत आला आणि थांबला.

पास्क भिंतीला टेकून विव्हळत होता. "आन् दार?"

जेबेझनं रक्ताची गुळणी थुंकली. "वाकायला शिका, मालक."

फाटक्या तळव्याला चिंधी बांधून तो अंगणात उतरला. ओकची ढलपी मांडीखाली दाबली आणि नवी खुंटी तासायला बसला.