तिसरीचं चाक

अंतराच्या मागच्या चाकाकडे बघण्यात हर्षलाचं अख्खं वर्ष गेलं. तोंडाकडे बघायची वेळ आली की ती मान फिरवायची, पण चाक टाळता यायचं नाही. चार मुलींनी एकामागे एक, चाकाला चाक लागेल की काय इतक्या जवळून सायकल हाणायची, असा तो खेळ. टीम परस्यूट म्हणतात. पुढची सगळा वारा अंगावर घेते, मागच्या तिच्या आडोशाने येतात. पुढची दमली की ट्रॅकच्या उंच बांधलेल्या कडेला चढते, बाकीच्यांना खालून जाऊ देते आणि उतरून शेवटची होते. मग दुसरी पुढे. या सायकलींना ब्रेक नसतो, आणि चाक फिरतंय तोवर पायही फिरत राहतात. पुढची जराशी हलली की मागची तिच्यावर आदळलीच म्हणून समजा.

आणि हर्षलाच्या पुढे अंतरा.

दोन वर्षांपूर्वी खालापूरच्या रस्त्यावर एक शर्यत झाली होती. शेवटच्या वळणाला अंतराची सायकल अचानक डावीकडे आली, हर्षलाचं पुढचं चाक तिला अडकलं आणि हर्षला खांद्यावर पडली. हासळीचं हाड मोडलं. अंतरा पहिली आली, कप घेऊन फोटो काढला, आणि बघायला म्हणून काही फिरकली नाही. तिची आई चारुलताबाई मात्र पोशीरला घरी आल्या, सफरचंदं घेऊन. कर्जतमधलं वकिलाचं घर, बोलणं कसं अगदी मऊ. हर्षलाच्या आईला म्हणाल्या, "या मुलींना कुणी नीट शिकवलेलं नसतं हो, मग असं होतं." आई भोळी. तिला वाटलं, बाई लेकीसाठी हळहळतायत. ती चहा ठेवायला उठली. हर्षलाला आतल्या खोलीतून सगळं ऐकू आलं. ती सफरचंदं तिने एका हाताने म्हशीपुढे टाकली.

तर अशा दोघींना वाल्मिक सरांनी एका टीममध्ये घेतलं. सर खालापूरकडच्या एका कारखान्यात पाळीवर कामाला. स्वतः एके काळी सायकल मारायचे, आता उरलेल्या वेळात मुलींना शिकवायचे. या भागात इतक्या जोराने सायकल मारणाऱ्या मुली होत्याच चार. पोशीरची हर्षला, कर्जतच्याच दहिवलीत राहणारी अंतरा, खालापूरची तेजश्री आणि डोंगरावरच्या वाडीतली आवडी. पाचवी आणायची कुठून?

"सर, मला तिच्या मागं नका लावू," हर्षला म्हणाली होती.

"मग कुणाच्या मागं लावू? तुझ्या बापाच्या टेंपोच्या?"

"तिनं माझं हाड मोडलंय."

"जुळलं ना? मग गप चाक धर."

हर्षलाने चाक धरलं, कारण तिला पदक हवं होतं. राज्य स्पर्धेत पदक आलं की पोलीस भरतीला खेळाडूंच्या जागेतून अर्ज करता येणार होता. नुसत्या भरतीत ती एकदा थोडक्यात राहिली होती. घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं, आणि ते थांबवायला तिच्याकडे वर्दीखेरीज दुसरं काही नव्हतं. वर्दीपर्यंत जायचा रस्ता अंतराच्या मागच्या चाकावरून जात होता.

रोजचा सराव कर्जत-चौक रस्त्यावर, साध्या ब्रेकच्या सायकलींवर. तिथे भांडणाला मोकळं रान. अंतरा पुढून हटताना खूण करायची नाही, एकदम बाजूला व्हायची, आणि वारा हर्षलाच्या तोंडावर थपडेसारखा बसायचा. हर्षलाही कमी नव्हती. मुद्दाम इतकं जवळ चाक नेऊन ठेवायची की अंतरा सारखी मागे वळून बघायची.

"घाबरतेस काय गं? मी काय पाडायला आलेय? ते काम तुझं."

"सर, हिला नीट बोलायला सांगा."

"सर, हिला नीट चालवायला सांगा."

आवडीने एकदा सायकल रस्त्याच्या मध्येच थांबवली. ती अंगाने बुटकी, पण सुरुवातीला तिच्याइतकी झेप कुणाची नाही. म्हणाली, "सर, या दोघींच्या मधी मला घाला. मी मेले तरी चालंल, सायकली तरी वाचतील." तेजश्री हसली, सरही हसले. त्या दोघी हसल्या नाहीत.

अधूनमधून पुण्याला, सिमेंटच्या खऱ्या ट्रॅकवर जायचं. सायकली हर्षलाच्या वडिलांच्या टेंपोतून जायच्या. सहदेवभाऊ एरवी त्यातून कोंबड्या वाहायचे. अंतरा आपल्या गाडीने यायची, पण एकदा गाडी बंद पडली म्हणून तिला टेंपोत बसावं लागलं. चढल्या चढल्या ओढणी नाकाला.

"काका, टेंपो कधी धुता का?"

"धुतो की गं. पण कोंबड्या काय आंगोळ करून बसत नाय."

सगळ्या खोखो हसल्या. अंतरासुद्धा. हर्षलाला बापाचाच राग आला. त्या पोरीशी गंमत करायची गरजच काय होती?

स्पर्धेला निघायच्या दिवशी ती गावदेवीला गेली. नारळ ठेवला, पदक मागितलं. देवीपुढे कुणाचं वाईट मागू नये हे तिला लहानपणापासून शिकवलेलं, तरी पायरी उतरताना मनात म्हणालीच, "आणि तिचंपण बघ काय ते." देवळात मनातलं बोलणंही बोलणंच असतं, एवढं भान तिला त्या घटकेला राहिलं नाही.

पहिल्या फेरीत मुली चांगल्या गेल्या. तिसऱ्या नंबरासाठी त्यांची गाठ नाशिकच्या मुलींशी पडली. शर्यतीआधी सरांनी चौघींना बाजूला घेतलं आणि शंभरदा सांगितलेलं पुन्हा सांगितलं. "घड्याळ थांबतं ते तिसरीच्या पुढच्या चाकाला. पहिली कितीही लवकर पोचू दे, तिचा उपयोग शून्य. चौथी गळाली तरी चालतंय. आवडी, तू अर्ध्यापर्यंत सगळं ओतून बाहेर हो. मागे राहतील त्या तिघी. तिघींनी एकत्र यायचं. कळलं का?"

"कळलं सर."

हर्षलानेही "कळलं" म्हटलं.

एका बाजूला या चौघी, ट्रॅकच्या समोरच्या बाजूला नाशिकच्या चौघी. बंदूक वाजली आणि आवडी अशी सुटली की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. अर्ध्यापर्यंत तिने शब्द पाळला, मग कडेला चढली ती खाली आलीच नाही. राहिल्या तेजश्री, अंतरा आणि हर्षला. सर कडेला उभे राहून हाताने दाखवत होते, आपण पुढे आहोत. फार नाही, पण पुढे.

पुढे अंतरा ओढत होती. हर्षला तिच्या चाकाला चिकटलेली, मागे तेजश्री. अंतराचे खांदे हलायला लागले ते हर्षलाने पाहिलं. दमलेल्या माणसाचेच खांदे असे हलतात. मग अंतरा कडेला चढली. खालून जाताना हर्षलाला तिचं तोंड दिसलं. उघडं, पांढरं पडलेलं. आता दोघींना पुढे सोडून तिला खाली उतरायचं होतं आणि तेजश्रीच्या चाकाला चिकटायचं होतं. या खेळात सगळ्यात नाजूक वेळ तीच. नुकतीच वाऱ्याशी झुंजून आलेली असते, पायात काही उरलेलं नसतं. पुढे आलेलीने अशा वेळी वेग होता तेवढाच ठेवायचा.

पोशीरला भाताची आवणी करताना बायकांची एक रीत आहे, ती इथे सांगायला हवी. खाचरात रांग धरून रोपं लावत मागे मागे सरकायचं. एखादी मंद पडली की तिच्या दोन्ही बाजूच्या बायका हात उचलतात, म्हणजे भराभर लावायला लागतात, पुढे निघून जातात, तिच्या पाठीमागून लावत येतात, आणि तिला चारी बाजूंनी भातात कोंडून टाकतात. मग सगळ्या खाचरात हशा. कोंडलेलीने रोपं तुडवायची नाहीत, उडी मारून बाहेर यायचं, पडली तर चिखलात. येसूबाई म्हणून एक म्हातारी आहे, ती तर हर्षलाला म्हणायची, "शेजारणीचा हात ढिला पडला गं पडला, की आपला उचलायचा." हर्षला दहा वर्षांची असल्यापासून आवणीला जाते. तिला कुणी कधी कोंडलं नाही. तिने मात्र पुष्कळींना कोंडलं.

अंतराचं ते उघडं तोंड दिसलं आणि हर्षलाचे पाय आपोआप उचलले गेले.

आपोआप म्हणायचं ते पहिल्या चार-सहा पायडलांपुरतं. पुढचं आपोआप नव्हतं. तिने काखेखालून मागे बघितलं. तेजश्री चाकाला होती. तिच्यामागे फट पडली होती, आणि फटीपलीकडे अंतरा. तेजश्री ओरडली, "सुटली! हर्षला, ती सुटली!" सरांचा हात वरखाली होत होता, हळू कर, हळू कर. हर्षलाला सगळं दिसलं, सगळं ऐकू आलं. तिने मनाशी ठरवलं, अर्धी फेरी. फक्त अर्धी फेरी. समोर बसलेल्या सगळ्यांना दिसू दे कुणाच्यात किती दम आहे ते, मग हळू होऊ. आपण पुढेच आहोत.

तिने आणखी जोर लावला.

अर्ध्या फेरीनंतर ती खरंच हळू झाली. पण सुटलेलं चाक परत मिळत नसतं. आडोसा गेला होता, सगळा वारा एकट्या अंतराच्या छातीवर. ती जवळ येईना. हर्षला आणि तेजश्री रेषा ओलांडून गेल्या तेव्हा नाशिकची एकही आली नव्हती. मग त्या आल्या, तिघी एकत्र, एकीला एक चिकटून. आणि मग अंतरा.

फलकावर नाशिकचं नाव वर लागलं.

अंतरा सायकलवरून उतरली आणि गवतात ओकली. वाल्मिक सर हर्षलाजवळ आले. "कुणाशी शर्यत लावली होतीस तू?"

"मी जोरात मारली. जोरात मारायची नाय तर काय करायचं?"

सरांनी टोपी काढून जमिनीवर आपटली आणि निघून गेले.

बघायला आलेल्यांना त्यातलं काही कळलं नाही. परत येताना सहदेवभाऊ टेंपोत सारखे बोलत होते. "त्या पोरीत दमच नाय. तुमी दोघी पुढं, आन् ही बया मागं लोळतेय! तुझं पदक घालवलं तिनं." हर्षला खिडकीबाहेर बघत राहिली. बाप चुकतोय हे तिला माहीत होतं. तिने त्याला बोलू दिलं. चुलतभाऊ स्वराजने तर कहर केला. अंतरा एकटी मागून येतेय, मग ओकतेय, अशी रील करून टाकली, वर बैलगाडीचं गाणं लावलं. पोशीर, नेरळ, कर्जत, सगळीकडे फिरली. हर्षलाने ती तीनदा बघितली. तिसऱ्यांदा तिला मजा आली नाही, पण काढ असंही ती म्हणाली नाही.

अंतराने टीमचा ग्रुप सोडला. सरावाला येणं बंद.

भरतीच्या वयाचं एकच वर्ष हर्षलाच्या हातात होतं. ती सरांकडे गेली तेव्हा ते सायकलची चेन पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "तिघींचं नाव भरून घेत नाहीत. चौथी आण."

"कुठून आणू?"

"जी घालवलीस तीच आण. दुसरी आहे का या मुलखात?"

मग एका दुपारी ती दहिवलीला गेली. आवडी सोबत आली, पण वर चढायला तयार होईना. "मी हितंच उभी ऱ्हाते. कुणी कुणाला ढकललं तर खाली झेलायला."

दार चारुलताबाईंनी उघडलं. "अगंबाई! विजेत्या आल्या." ये, बस असं काही म्हणाल्या नाहीत. आत वळून हाक मारली, "अंतरा, तुझी मैत्रीण."

अंतरा दारात आली. हर्षला पायपुसण्यावरच उभी.

"काय हवंय?"

"सरावाला ये."

"कोण म्हणतंय? सर की तू?"

"सर. मी नाय."

"निदान खरं तरी बोललीस. ती रील कुणाची?"

"स्वराजची. माझ्या चुलत्याचा पोरगा."

"काढ म्हणून सांगितलंस त्याला?"

"नाय."

अंतराने दाराची कड घट्ट धरली. "तुझं हाड मी मुद्दाम मोडलं नव्हतं. माझी चेन सरकली होती. तू मात्र आधी मागे बघितलंस आणि मग जोर लावलास. मला दिसलं."

"चेन सरकली असती तर पयली कशी आलीस?"

"परत बसली."

"बरी बसली!"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. वर्षभरात पहिल्यांदाच इतका वेळ. हर्षलाला तिचा शब्द पटला नाही. आजही पटलेला नाही. पण स्वतःच्या बचावाला सांगायला तिच्याकडे सरकलेली चेनही नव्हती.

"येईन मी," अंतरा म्हणाली. "तुझ्यासाठी नाही. तुला मागे टाकायला येईन."

"टाक ना. मग तिसरी कोण आणशील?"

अंतराने दार अर्धं लोटलं. "रील आधी काढायला लाव," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

हर्षलाने जिन्यातूनच स्वराजला फोन लावला. तो कुरकुरला, एवढ्या लोकांनी बघितलीय म्हणाला. "काढ म्हणते ना!" ती अशी ओरडली की समोरच्या घरातलं कुणीतरी बाहेर डोकावलं. तिला अंतराची दया आली नव्हती. तिला पुढच्या वर्षी नाव भरायचं होतं.

खाली आवडी सायकलला टेकून उभी होती.

"येणार का गं?"

"येल."

"मारलं?"

"नाय."

"शिव्या?"

"दिल्या."

"दोघींनी?"

"दोघींनी."

"मंग झालं," आवडी म्हणाली आणि सायकलवर टांग टाकली.