शुक्रवारच्या आदल्या दिवशी

माझ्या आजोबांचं नाव तुझबेक. आमच्या किर्गीझ बोलीत तुझ म्हणजे मीठ. त्यामुळे माझी आई या घरात सून म्हणून आली त्या दिवसापासून डोळे मिटेपर्यंत तिनं मीठ हा शब्द तोंडातून काढला नाही. सून सासऱ्याचं नाव घेत नाही, आणि त्या नावात अडकलेला शब्दही घेत नाही. आई मिठाला 'पांढरं' म्हणायची. पुढे दुकानात साखर यायला लागली, तीही पांढरीच. मग साखर झाली 'त्याची गोड बहीण'. एकदा शहरातून गुरांचा डॉक्टर आला होता. आईनं त्याला विचारलं, "चहात पांढरं घालू की त्याची गोड बहीण?" तो बिचारा घाबरून म्हणाला, "वहिनी, मला नुसतं दूध चालेल."

हे मी शंभर वेळा सांगितलंय आणि शंभर वेळा हसलोय. आता मात्र सांगताना मध्येच थांबतो. का, ते सांगायलाच बसलोय.

मी गुरुवारी जन्मलो. आमच्याकडे गुरुवारला बेय्शेम्बी म्हणतात, म्हणून बापानं नाव ठेवलं बेय्शेम्बाय. त्यामुळे माझी सून कानिशाय घरात आली आणि तिच्या आठवड्यातून गुरुवार गेला. बुधवार, मग 'शुक्रवारचा आदला दिवस', मग शुक्रवार. मला ते फार गोड वाटायचं. पाहुणे आले की मी मुद्दाम विचारायचो, "सूनबाई, पिठाची गाडी कधी येणार?" ती मान खाली घालून म्हणायची, "शुक्रवारच्या आदल्या दिवशी, अता." अता म्हणजे वडील, मला ती तसंच म्हणते. पाहुणे माना डोलवायचे आणि मी मिशीला हात लावायचो.

पोरीचा हात मात्र विलक्षण. एकदा लांडग्यानं मेंढीची कास फाडली. मी सुरी शोधत होतो, कारण मेंढी गेलीच होती. हिनं सुई-दोरा उकळला, मेंढीचं डोकं गुडघ्याखाली दाबलं आणि कास शिवून टाकली. त्या मेंढीनं पुढे दोन वर्षं दूध दिलं. त्याच सुमारास आमच्या कारा-बुलुनची परिचारिका सादात म्हातारी होऊन लेकीकडे गेली. दवाखान्याच्या खोलीला कुलूप लागलं. सुई टोचून घ्यायची तर घाट ओलांडून जायचं, आणि घाट हिवाळ्यात बंद. गावानं बैठकीत ठरवलं की गावातली जी कुणी परिचारिकेची पदविका आणील, तिच्या हातात किल्ली. माझा मुलगा, तिचा नवरा, मॉस्कोत फरश्या बसवत होता, वर्षातून एकदा घरी यायचा. बायको माझी आधीच गेलेली. मी कानिशायला म्हटलं, "तू जा. किल्ली आपल्या घरात आली पाहिजे."

परिचारिकांच्या शाळेत पहिली दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. माझी नात उमसुनाय जन्मली, आणि कानिशाय जारीपा उसेनोव्नाच्या हाताखाली आली.

पोर अंगावर पिणारी, त्यामुळे मीही जिल्ह्याच्या गावात खोली घेऊन राहिलो. रोज सकाळी तिला दुपट्यात गुंडाळून शाळेत जायचो आणि खाली कोट ठेवायच्या खोलीत बसायचो. ती खोली सांभाळणारी सोनुन म्हणून एक विधवा बाई होती, बडबडी. आमचं चांगलं जमलं.

जारीपा उसेनोव्ना हातानं करायची कामं शिकवायची. सुई टोचणं, शीर शोधणं, जखम बांधणं. बाई ठेंगणी, टाचांचे बूट खाडखाड वाजवत चालायची. वाजणं थांबलं की मुली पटकन मान खाली घालायच्या, कारण मग ती कुणाच्या तरी मागे उभी असायची. पांढऱ्या झग्याला खळ कमी पडली म्हणून एका मुलीचा झगा तिनं भर वर्गात उतरवून फळा पुसायला घेतला होता. एकदा इनॅमलचा ट्रे खिडकीतून फेकला, तो खाली मुख्याध्यापकांच्या गाडीवर पडला. मुख्याध्यापक वर आले, दारातून तिचं तोंड पाहिलं आणि ट्रे हातात घेऊन तसेच परत गेले. आणि हीच बाई आठ मार्चला, महिला दिनी, मुलींनी फुलं दिली तेव्हा ओक्साबोक्शी रडली, एकेकीचा मुका घेतला. पुढच्या तासाला त्यातल्याच तिघींना वर्गाबाहेर काढलं. चिडणारं माणूस परवडतं हो, कधी चिडणार ते तरी कळतं. हिचं तेही कळायचं नाही.

सोनुनला मात्र थोडं कळायचं. बाईनं सकाळी कोट आकड्याला नीट अडकवला तर दिवस बरा. फळीवर फेकला तर आज कुणीतरी रडणार. मग आम्ही दोघांनी एक युक्ती केली. नातीच्या डोक्याला मी दोन टोप्या आणल्या, एक पांढरी, एक लाल. कोट फेकलेला असला की लाल टोपी घालून तिला वर्गापुढच्या बोळातून एक चक्कर मारून आणायची. मुली दारातून पाहायच्या आणि झग्याच्या गुंड्या तपासायच्या. आख्ख्या वर्षात पांढरी टोपी मळली नाही, लाल मात्र विरली.

कानिशाय संध्याकाळी खोलीवर यायची तेव्हा तिचे हात कापत असायचे. मेंढी शिवणारे हात. म्हणायची, "अता, ती मागे आली की मला शीर दिसतच नाही."

मी म्हटलं, "आपली करडी घोडी आठवते? लाथा कुणाला मारायची?"

"लांब उभ्या राहणाऱ्याला."

"मग? घोडीच्या कुशीला चिकटून उभं राहायचं. तिला लाथ मारायला जागाच ठेवायची नाही."

दुसऱ्या दिवसापासून ती जारीपा उसेनोव्नाच्या अगदी खांद्याला लागून उभी राहायला लागली. बाकीच्या मुली भिंतीकडे सरकायच्या, ही पुढे. एक दिवस बाई ओरडलीच, "तू काय माझी सावली आहेस? सरक तिकडे."

"इथून तुमचे हात दिसतात," कानिशाय म्हणाली.

बाईनं आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग हातातली सुई तिच्या हातात दिली. "मग बघत काय बसलीस, टोच."

त्या दिवशी खोलीवर आम्ही कणकेचे, लोण्यात तळलेले बोरसोक खाल्ले. वाटलं, जमलं.

एकदाच घसरलं. बाईनं विचारलं, "तोंडी परीक्षा कधी आहे?" ही म्हणाली, "शुक्रवारच्या आदल्या दिवशी." वर्ग खुसखुसला. बाईला वाटलं, पोरगी चेष्टा करते. वही उडाली, शाईची बाटली फुटली, हिला दोन तास उभं केलं. सोनुननं येऊन मला सांगितलं. आणि मी काय केलं असेल? मी हसलो. "बघा, शहरातल्या शाळेतसुद्धा सोडलं नाही पोरीनं," असं मी सोनुनला म्हणालो. सोनुन हसली नाही. तिनं फक्त पोरीचं दुपटं सारखं केलं.

शेवटची परीक्षा इस्पितळात, खऱ्या रोग्यावर. नियम साधा. रोग्याच्या खाटेशी जायचं, कागद पाहून त्याला पूर्ण नावानं हाक मारायची, त्यानं हो म्हटलं की मगच सुई. मी बाहेर बोळात बाकावर पोरीला घेऊन बसलेलो. माझ्या शेजारी आमच्याच गावचा आसानकुल, लघवीच्या त्रासानं आलेला. त्याच्या कानावर पडलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी मेंढ्यांनाही ठाऊक असते. वॉर्डाचं दार उघडंच होतं.

कानिशायची पाळी आली. तिनं हात धुतले, औषध भरलं, हवा काढली, हात जराही कापत नव्हते. चौथ्या खाटेशी गेली, कागद उचलला आणि थांबली.

"हाक मार," जारीपा उसेनोव्ना म्हणाली.

"तुरातोव काका," कानिशाय म्हणाली.

"वॉर्डात दोन तुरातोव आहेत. पूर्ण नाव."

कानिशायनं कागद पुन्हा वाचला.

मला बाकावर बसल्या बसल्या कळलं. त्या म्हाताऱ्याचं नाव बेय्शेम्बाय असणार. आसानकुललाही कळलं. त्यानं मला कोपर मारलं. "काय सून मिळवलीस रे. आजकालच्या पोरी सासऱ्याला अरेतुरे करतात, आणि ही बघ."

आत आवाज चढत गेला. "नाव न घेता टोचणार? उद्या एकाचं औषध दुसऱ्याला देशील. कागद वाचता येत नाही? तोंडात काय कोंबलंय?" ट्रे आपटल्याचा आवाज आला. उमसुनाय दचकून रडायला लागली. मग टाचा खाडखाड बाहेर आल्या.

बाईनं पोरीकडे पाहिलं, लाल टोपीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ही तिची? तुम्ही सासरे?"

"हो."

"तुमचं नाव?"

मी सांगितलं.

तिचा चेहरा असा उतरला की जणू कुणी दिवा बारीक केला. ती समोरच्या बाकावर बसली, बुटातून एक पाय काढून घोटा चोळला. आणि अगदी हळू बोलली. त्या वर्षात तिचा तसा आवाज कुणी ऐकला नसेल.

"अक्साकाल," ती म्हणाली. आमच्याकडे पांढऱ्या दाढीच्या माणसाला मानानं तसं म्हणतात. "ही पोरगी वर्गात सगळ्यांत चांगली आहे. वर्षभर माझ्याजवळ उभी राहणारी ती एकटीच. मला तिला पाडायचं नाही. पण नाव न घेता मी पास केलं तर उद्या माणूस मरेल आणि ते पाप माझं. दोन मिनिटं मी इथे बसते. तुम्ही दारात जा आणि तिला सांगा की घे नाव, माझी हरकत नाही. तुम्ही सांगितलंत तर ती घेईल. माझं ती ऐकणार नाही, तुमचं ऐकेल."

एवढंच काम होतं. दारापर्यंत चार पावलं.

शेजारी आसानकुल बसला होता. त्याचे डोळे माझ्यावर. मला आई आठवली, मिठाचा डबा आठवला, गावातल्या माना डोलावणाऱ्या पाहुण्यांची तोंडं आठवली. उद्या आसानकुल गावभर सांगत फिरेल की बेय्शेम्बायनं भर इस्पितळात सुनेकडून स्वतःचं नाव घेववलं.

मी म्हणालो, "बाई, शाळेत ती तुमची विद्यार्थिनी. सून मात्र माझ्या घरची आहे. हे मी तिला सांगू शकत नाही."

आसानकुल म्हणाला, "वा."

जारीपा उसेनोव्ना ओरडेल अशी माझी खात्री होती. मला ते हवंही होतं, म्हणजे मग चूक तिची झाली असती. तिनं बूट घातला, दोन मिनिटं पुरी होईपर्यंत तिथेच बसून राहिली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. मग आत गेली. दारातून आवाज आला, साधा, थकलेला. "कानिशाय, ट्रे ठेव. जा."

परतीच्या बसमध्ये कानिशाय खिडकीशी, मी तिच्या शेजारी, पोर मध्ये झोपलेली. घाट लागेपर्यंत मी आपला गमतीच्या गोष्टी सांगत होतो. तो गुरांचा डॉक्टर, ती गोड बहीण. पहिल्यांदाच ती हसली नाही. घाटाच्या माथ्यावर, जिथून आमचं गाव दिसतं, तिथे म्हणाली, "अता, दार उघडं होतं. मला ऐकू येत होतं."

पुढच्या वर्षी परत बसता आलं असतं. सोनुनच्या हाती जारीपा उसेनोव्नानं निरोपही पाठवला होता की मुलीला पाठवा, रोगी मी निवडते. कानिशायनं निरोप ऐकला, "नको" म्हणाली आणि पीठ मळायला बसली. ऑगस्टमध्ये ती नवऱ्याकडे मॉस्कोला गेली. उमसुनायला मी ठेवून घेतलं. लाल टोपी अजून पेटीत आहे.

दवाखान्याच्या खोलीत आता पंचायत मेंढ्यांची लोकर ठेवते. मला गेल्या हिवाळ्यापासून रक्तदाब. घाट उघडा असला की पलीकडच्या गावची एक परिचारिका आठवड्यातून एकदा येते, तरुण पोरगी, गालावर खळी. अंगणातूनच ओरडते, "बेय्शेम्बाय तुझबेकोव, बाही वर करा." बरोबरच करते. पण दरवेळी सुई टोचण्याआधीच मला टोचतं.

कानिशाय मॉस्कोत म्हाताऱ्यांच्या एका घरात कामाला आहे. अंथरुणं बदलते, आंघोळ घालते, भरवते. म्हणते, तिथे दिवसभर एकेका म्हाताऱ्याला नाव घेऊन, बापाचं नाव लावून हाक मारावी लागते, नाहीतर ते तोंड उघडत नाहीत. फोन करते दर आठवड्याला. ठेवताना म्हणते, "अता, शुक्रवारच्या आदल्या दिवशी करते परत."

मागच्या वेळी मी म्हणालोच. शेजारी कुणी नव्हतं, आसानकुलही वारला आता. म्हटलं, "पोरी, गुरुवार म्हण. माझं नाव घेतलंस तरी चालेल. माझी हरकत नाही."

पलीकडे कुणीतरी म्हातारं माणूस तिला हाक मारत होतं. तिनं त्याचं पूर्ण नाव घेऊन त्याला सांगितलं, आले हं. मग मला म्हणाली, "आता कशाला, अता."