बिनविरोध झाली!

नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटाला बांधलेला विषय, आणि मुलंही त्याला शेपटासारखंच वागवतात. तरी रेवसकडच्या आमच्या शाळेत मी दर वर्षी वर्गमंत्र्याची निवडणूक हौसेने घेते. पुठ्ठ्याची मतपेटी, बोटाला शाई, सगळं साग्रसंगीत.

गेल्या वर्षी मी मतपेटीला कागद चिकटवत होते, तेवढ्यात आठवीचा अख्खा वर्ग नाचत आला. "बाई, बिनविरोध झाली!"

त्यांच्या गावात सरपंच बिनविरोध आला की गुलाल उधळतात, पेढे वाटतात. मुलांनीही मधल्या सुट्टीत बैठक बसवून क्रिकेटच्या कप्तानाला मंत्री करून टाकलं होतं. ना भांडण, ना तंटा. वर मी शाबासकी द्यावी अशी अपेक्षा! माझं डोकंच फिरलं.

"दुसरं कुणीच उभं नव्हतं?" मी विचारलं.

सगळे एका मुलीकडे बघायला लागले. ती म्हणाली, "मी व्हते. पन सगली बोलली, पुढल्या साली तुला. म्हनून बसले."

"पण उभी कशाला राहिली होतीस?"

"पोरींच्या संडासाला कडी न्हाय, बाई. एकीनं आत जायचं, दुसरीनं दार धरून उभं रहायचं. ह्यो मंत्री कडी बसवनार हाय का?"

वर्ग खो खो हसला. ती हसली नाही. मला मात्र मनापासून लाज वाटली. इतकी वर्षं त्या शाळेत शिकवतेय, पण शिक्षकांच्या संडासाला कडी होती, त्यामुळे मला पत्ताच नव्हता.

मी मतदान घेतलंच. त्यात ती पडली, तीही दणकून. कप्तानाला एकोणीस, तिला अकरा. आता रडते की काय, म्हणून मी रुमाल काढला. पण ती टेबलावरच्या चिठ्ठ्या पुन्हा मोजत होती. मोजून झाल्यावर एकदम ओरडली, "बाई, वर्गात आमी पोरी नऊच! म्हंजे दोन पोरांनी पन मला दिली!"

दुसऱ्या दिवशी कप्तान घरून कडी, स्क्रू आणि पेचकस घेऊन हजर. मी त्याची पाठ थोपटायला गेले.

"कौतुक कसलं, बाई," तो वर्गाकडे संशयाने बघत म्हणाला, "दोन फुटलीत. आनखी फुटाय नकोत."