धरणावर भेटलेली मासळीवाली

माझा मुलगा सुनेला मारायचा आणि मी शेजारच्या खोलीत माळ ओढत बसायचे. माझ्या नवऱ्यानेही मला मारलं होतं. तेव्हा देवानेच तारलं, असं मी मानत आले. सुवर्णालाही तोच तारील, अशी मनाची समजूत घालायचे. पण पलीकडचा आवाज वाढला की तोंडातलं नाम अडखळायचं. देव ऐकतोय का, ही शंका त्याच दिवसांत मनात शिरली.

एका गुरुवारी सकाळी मुलगा शेतात गेला आणि थोड्या वेळाने सुवर्णा घरात दिसेना. परातीत कणीक मळून तशीच ठेवलेली. आदल्या दिवशी त्याने तिला फार मारलं होतं. आमचं गाव येलदरीजवळ, त्यामुळे मला आधी धरणच आठवलं. मी अनवाणीच धावत सुटले. काठावर पोचले. वाऱ्याने पाण्यावर काही हललं तरी मला तिचा पदर दिसायचा.

तिथे एक बाई टोपल्यात मासे लावत बसली होती.

"कुणाला हुडकायलाव, मावशी?"

"सुनेला. हिरवी साडी, हाताला पट्टी."

"पाण्याकडं नका बघू. ती जिंतूरच्या गाडीत बसली. मीच चढवून दिलं. चला, दावते."

टोपलं दुसरीच्या हवाली करून ती माझ्यासोबत निघाली. आम्ही जिंतूरची गाडी धरली. ही खरं सांगतेय की नुसती धीर देतेय, या धास्तीने माझा जीव थाऱ्यावर नव्हता. जिंतुरात एका देवळामागच्या खोलीपाशी ती थांबली.

"हितं दर गुरवारी बाया बसतात. घरी मार खाल्लेल्या. एकमेकीला धरून हायत. जा आत."

एवढं सांगून ती माघारी वळली.

आत सतरंजीवर दहा-बारा बायका होत्या. सुवर्णा माझ्याकडे पाठ करून बोलत होती, "आत्याला सगळं ऐकू येतंय. त्या फक्त जप मोठ्यानं करतात."

ती जिवंत होती. गुपचूप परत जाता आलं असतं. तेवढ्यात तिने वळून पाहिलं आणि दचकून भिंतीला टेकली. मी तिला ओढून न्यायला आलेय, असं तिला वाटलं. ती मला भीत होती! त्या क्षणी तोंडात नाम आलं नाही. निराळंच काही आलं.

"म्या डोळ्यांनी बघितलंय, बाई. ठाण्यात म्या सांगन."

मुलगा समोर उभा असताना मी जबाब दिला. आता कोर्टाच्या हुकमाने तो वेगळा राहतो. गाव मला पोटच्या पोराची वैरीण म्हणतं. त्याच्यासाठी जीव तुटतो, तेही मी गुरुवारी त्या बायकांतच सांगते.

मासळीवालीचे पाय धरायला मी चारदा धरणावर गेले. अशी कुणी बाई इथे बसत नाही, असं तिथले लोक सांगतात. असेल कुणाकडे पाहुणी आलेली. मी जास्त विचारलं नाही. हात तेवढे जोडले.

सगळं देवावर टाकलंय, असं मी म्हणायचे. जीभ मात्र स्वतःपाशी राखली होती. ती त्याने त्या दिवशी मागून घेतली.

दाराची कडी वाजली की अजून छातीत धस्स होतं. हल्ली दार उघडायला आम्ही दोघी जातो.