कमळाचं नाणं

चिंचेच्या कोळात बुडवून काढलेलं, आईच्या बोटांत ओलं चमकणारं वीस पैशांचं पिवळं नाणं... त्यावरच्या कमळाच्या पाकळ्यांतला काळपटपणा ती काडीने हलकेच काढायची, आणि सोलापुरातल्या आमच्या एका खोलीच्या घरात चिंचेचा आंबूस वास धातूच्या हिरवट वासात मिसळून राहायचा. आजही चिंच भिजवली की मला आमटीच्या आधी ते नाणं आठवतं.

सत्तरच्या दशकाच्या त्या पहिल्या वर्षांत गावभर बोललं जायचं, की या नाण्यात सरकारकडून चुकून सोनं मिसळलं गेलंय. माझे वडील, आमचे अप्पा, गिरणीत मागावर होते. त्यांचा यावर ठाम विश्वास. भोंगा झाला की केसांत कापसाची लव घेऊन घरी यायचे, आणि सुट्ट्या पैशांत असं नाणं आलं असेल तर चहा मागण्याआधी ते आईच्या तळहातावर ठेवायचे. "ठेव. थोरलीच्या लग्नाला हुईल." थोरली म्हणजे माझी अक्का.

पुढे अप्पांचा खोकला वाढला, गिरणी सुटली. अंथरुणावर पडल्यापडल्या ते नाण्यांचा डबा जवळ मागून घ्यायचे, नुसता वाजवून बघायचे. अक्काचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनीच आईला नव्या पेठेत सराफाकडे धाडलं. मी तिचं बोट धरून सोबत गेले.

सराफांनी कसोटीच्या काळ्या दगडावर नाणं घासलं. पिवळी रेघ उमटली, आई पुढे वाकली... मग त्यांनी रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला, आणि ती बघता बघता विरून गेली.

"बाई, सोन्याचा कण न्हाय ह्यात," ते हळू आवाजात म्हणाले. "वीस पैशाचे वीस पैसेच."

वाटेत आईने माझा हात दुखेल इतका घट्ट धरला होता.

घरी अप्पा कोपरावर रेलून बसले होते. "काय म्हणला सराफ?"

"हाय की सोनं," आई म्हणाली. "पर आत्ता मोडू नका म्हणला. भाव वाढंल."

अप्पा हसले – कितीतरी दिवसांनी. त्याच थंडीत ते गेले.

अक्काच्या लग्नात सोनं आलं. आईच्या गळ्यातून उतरलेल्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या त्याच सराफाने आटवून नव्याने घडवल्या. अप्पांनी शेवटी लेकीला सोनं दिलं ते असं.

डब्यातलं एक नाणं माझ्या देव्हाऱ्यात आहे. जुनी नाणी विकणाऱ्याला मध्ये दाखवलं, तर म्हणाला, असली पुष्कळ येतात. परवा अक्का आली होती, पिकल्या केसांची. नाणं डोळ्यांजवळ नेऊन तिने बराच वेळ पाहिलं.

"ह्यात सोनं हाय म्हणायचे अप्पा. खरंच असंल का गं?"

"हाय की," मी म्हणाले, आणि चिंच भिजत घालायला उठले.